सिस्टरची नळी

बारामतीत दवाखाना टाकला तेव्हा पहिले सहा महिने माझ्याकडे जवळजवळ फक्त गरोदर बायका आल्या. बाई डॉक्टर म्हणजे बाळंतपणाची, हे आमच्या भागात इतकं पक्कं होतं की पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं एम. डी. मेडिसिन कुणी वाचतच नसे. मी सांगायचे, "अहो, मी छाती, पोट, मूत्रपिंड, साखर, ताप हे सगळं बघते. बाळंतपण नाही करत." मग सासू सुनेकडे बघायची, सून माझ्याकडे, आणि सासू विचारायची, "मग बाई, तुमी शिकला तरी काय?" मला राग यायचा. राग मला लवकर येतो हे आधीच सांगून टाकते, कारण या गोष्टीत तो दोनदा आला आहे आणि त्यातला एकदा सपशेल चुकीच्या माणसावर निघाला आहे.

माझ्या रागाचा कायमचा विषय म्हणजे बाटली. चौऱ्याण्णव-पंच्याण्णवचा तो काळ. कालव्याला पाणी होतं, रानात ऊस होता, आणि अंगात जरा कणकण आली की सलाईनची बाटली होती. ऊस तोडून पाठ धरली, लावा बाटली. पोरगं दहावीला नापास झालं, अशक्तपणा असेल, लावा बाटली. लग्नाआधी नवरीच्या तोंडावर तेज यावं म्हणून लावलेली बाटलीसुद्धा मी पाहिली आहे. नाही म्हटलं तर डॉक्टरला काही येत नाही असं ठरायचं आणि पेशंट पुढच्या दवाखान्यात जाऊन ती लावून घ्यायचा. शिकून आले तेव्हा मी या प्रकाराविरुद्ध भाषणं द्यायचे. दोन वर्षांत भाषणं संपली. माझे कंपाउंडर तात्या माझ्या आधी तीस वर्षं एका जुन्या डॉक्टरांच्या हाताखाली होते. ते मला समजावायचे, "बाई, ग्लुकोजच्या पाण्यानं कुणी मरत न्हाय. मनाला बरं वाटतं. लावू द्या की." ओपीडीत गर्दी असली की मीही मान हलवून मोकळी व्हायचे.

त्या दिवशी अशीच गर्दी होती. गळीत हंगाम जोरात होता, खोकल्याचे आणि तापाचे पेशंट जिन्यापर्यंत बसले होते. इंदापूरहून आलेल्या एसटीतून एका तरुण बाईला दोघांनी धरून उतरवलं आणि रिक्षात घालून माझ्याकडे आणलं. अंगावर नर्सची पांढरी साडी. बरोबर तिची आई. इंदापूर तालुक्यातल्या एका खेड्यात, आरोग्य उपकेंद्रावर ती नर्स होती. गावात तिला सगळे सिस्टर म्हणत. मीही इथं तेच म्हणते.

"सकाळी उठाया गेली तर पायच उचलंनात," आई सांगत होती. "ही तिसरी खेप हाय, बाई. दोन-चार दिस असं व्हतं, मग आपसूक उठती. लोकं म्हणत्यात नाटक करती."

आईने पिशवीतून दोन कागद काढले. एक कुठल्याशा डॉक्टरांची चिठ्ठी होती: मानसिक ताण, हिस्टेरिया, घरच्यांनी समजूत घालावी. दुसरा कागद तिच्या वरच्या ऑफिसचा होता. वारंवार गैरहजर राहता, आजाराचं कारण पटत नाही, तरी पंधरा दिवसांत फिजिशियनचं सर्टिफिकेट आणा. आजार काय आहे आणि काम करू शकाल की नाही हे त्यात स्पष्ट असावं, अन्यथा सेवा समाप्त करण्यात येईल. शेवटच्या ओळीखाली शाईने रेघ मारलेली होती. सिस्टर खुर्चीत बसून त्या कागदाकडे बघत होती. तिच्या घरात पगार आणणारी ती एकटी होती. नवऱ्याने लग्नानंतर दोन वर्षांत दुसरा संसार मांडला होता आणि वडील जाऊन वर्ष झालं होतं.

मी तिला दोन मिनिटं पाहिलं. खरं सांगायचं तर दोन मिनिटंसुद्धा नाही. आधीच्या चिठ्ठीतला तो शब्द डोक्यात बसला होता. तात्यांनी विचारलं, "बाटली लावू?" आई म्हणाली, "लावा वो, लई गळाठलीय." मी मान हलवली आणि पुढच्या पेशंटचा खोकला ऐकायला लागले.

तासाभराने तात्या पळत आले. तात्यांना पळताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. "बाई, तिची मान धरंना झालीय."

जाऊन बघते तर आता हातही पडले होते. मान उशीवर एका बाजूला, श्वास वरवरचा, आवाज बारीक. डोळे मात्र पूर्ण जागे. ती म्हणाली, "बाई, बाटली लावली की वाढतं. मागल्या दोन्ही वेळेला असंच झालं. मी सांगत व्हते. कुणी ऐकलं न्हाय."

मी आधी बाटली काढली. मग हातोडी घेऊन तिच्या गुडघ्यांवर मारली. एकही गुडघा उडाला नाही. पाय हलवायचा नाही असं माणूस ठरवू शकतो, पण हातोडी बसल्यावर गुडघा उडू द्यायचा नाही हे जगातल्या कुठल्याही नाटकवालीला जमत नाही. ही तपासणी करायला अर्धं मिनिट लागतं. ती मी तासापूर्वी केली नव्हती. कार्डिओग्राम काढला आणि त्या पट्टीवरच सगळं दिसलं: शरीरातलं पोटॅशियम तळाला गेलं होतं. पोटॅशियम नसेल तर स्नायू हलत नाहीत, आणि हृदय व श्वास हेही शेवटी स्नायूंचंच काम. ग्लुकोज अंगात गेलं की रक्तातलं उरलंसुरलं पोटॅशियमही ते पेशींच्या आत ओढून नेतं. तात्या म्हणायचे त्या पाण्यानं कुणी मरत नाही. ही मरायला निघाली होती, आणि ते पाणी माझ्या मानेच्या एका हलण्याने लागलं होतं. मला इतकी शरम वाटली की ओपीडीतल्या बाकीच्यांना मी घरी पाठवून दिलं.

संध्याकाळपर्यंत तिच्या शेजारी बसून होते. पोटॅशियमचं औषध फार वाईट चवीचं असतं. मोसंबीच्या रसात घालून चमच्या-चमच्याने पाजलं, आणि साध्या सलाईनमधून थेंबाथेंबाने दिलं. आधी बोटं हलली, मग मनगट. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठून स्वतःच्या पायांनी नळावर तोंड धुवायला गेली आणि वॉर्डातल्या बायका देव पावल्यासारख्या बघत राहिल्या.

आता मी फुशारले. नाटक नाही हे मी एका हातोडीने सिद्ध केलं होतं. काही लोकांचं पोटॅशियम अधूनमधून असं अचानक पडतं, जन्मजात दोष असतो. तो आजार मी केसपेपरवर झोकात लिहिला. केळी खा, शहाळं प्या, हे औषध रोज घ्या, आठ दिवसांनी रक्त तपासून सर्टिफिकेट देऊ, असं सांगून तिला पाठवलं. निदान झालं, आजाराला नाव मिळालं, बाई खूश.

आठ दिवसांनी ती आली तर पाय पुन्हा जड. रक्त तपासलं, पोटॅशियम पुन्हा खाली. तेव्हा माझा पहिला राग निघाला, तो तिच्यावर. "सिस्टर, तुम्ही नर्स आहात ना? औषध वेळेवर घ्यायचं असतं एवढं तुम्हाला मी शिकवायचं? चव वाईट आहे म्हणून ओतून देता की काय?" वॉर्डातल्या चार माणसांदेखत मी हे बोलले. तिच्या हातात आता सातच दिवस उरले होते आणि मला वाटत होतं, हिलाच हिच्या नोकरीची फिकीर नाही.

तिने पिशवीतून रिकामी झालेली औषधाची बाटली काढून टेबलावर ठेवली. ती खरंच संपलेली होती. आणि मग म्हणाली, "बाई, रागावू नका. एक दाखवायचं हाय. तात्यांकडनं स्पिरिटचा दिवा मिळंल का?"

तिचं रोजचं काम गरोदर बायकांची लघवी तपासायचं होतं. काचेच्या नळीत लघवी घ्यायची, दिव्यावर वरचा भाग तापवायचा. पांढरी झाली तर दोन-तीन थेंब ॲसिटिक ॲसिड टाकायचं. तरीही पांढरी राहिली तर त्यात प्रथिनं आहेत, बाईला धोका आहे. निवळली तर काळजी नाही. हे प्रत्येक नर्सला येतं. पण सिस्टरची एक स्वतःची पद्धत होती. हंगामात कारखान्याच्या तळावर ऊसतोड कामगारांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडल्या की ती तिथं जायची. त्या बायका लघवी द्यायला तयार नसत. आपल्या अंगातलं काही दुसऱ्याच्या हाती गेलं तर करणी होते, अशी त्यांची भीती. मग सिस्टर आधी स्वतःची देऊन यायची. सगळ्यांसमोर आपली नळी दिव्यावर धरायची. "बघा, आधी माझी तपासती. माझ्यावर करणी झाली तर तुमच्याआधी मला व्हईल." बायका हसायच्या आणि मग आडोशाला जाऊन डबी भरून आणायच्या. प्रत्येक फेरीला एक नळी तिची स्वतःची असायची, आणि तिच्या वहीत गरोदर बायकांच्या ओळींच्या खाली शेवटची ओळ स्वतःची.

आता तिने माझ्या टेबलावर आपली नळी दिव्यावर धरली. वरचा भाग दुधासारखा पांढरा झाला. दोन थेंब ॲसिड टाकल्याबरोबर पाण्यासारखा स्वच्छ.

"बघितलं का, बाई?"

"बघितलं," मी म्हणाले. माझा आवाज अजून चढलेलाच होता. "प्रथिनं नाहीत. निवळली म्हणजे नुसते फॉस्फेटचे क्षार आहेत. जेवणानंतर कुणाचीही होते अशी."

"माझी उपाशीपोटी पण व्हती. सकाळची पहिली पण. दोन हंगाम झाले, दर खेपेला." तिने वही उघडून माझ्यापुढे सरकवली. "बाकी बायकांची कधीमधी व्हती. माझी कायम. मी आमच्या मोठ्या सिस्टरना विचारलं, त्या म्हणाल्या, निवळती ना, मग नॉर्मल लिव्ह. मी लिव्हलं. पर मला पटलं न्हाय."

मी "अहो, पण त्यानं काय" एवढं म्हणाले आणि तिथंच थांबले. हे क्षार लघवीत पांढरे होऊन दिसतात ते लघवी आंबट नसेल तेव्हाच. ॲसिड टाकलं की विरघळतात, कारण तेव्हा ती आंबट होते. म्हणजे या बाईची लघवी दोन वर्षं, उपाशीपोटीसुद्धा, एकदाही आंबट झालेली नव्हती. माणसाच्या शरीरात रोज आंबटपणा तयार होतो, आणि तो लघवीतून बाहेर टाकणं हे मूत्रपिंडाचं घरकाम आहे. हिचं मूत्रपिंड ते करतच नव्हतं. घरातला केर बाहेर टाकायला सांगावं आणि बाईने केर घरातच ठेवून उलट भांडी उकिरड्यावर टाकून यावीत, तशी गत. केर म्हणजे तो आंबटपणा आणि भांडी म्हणजे पोटॅशियम. मी कितीही पोटॅशियम पाजलं असतं तरी ते गळतच राहणार होतं. माझं झोकात लिहिलेलं निदान चुकलं होतं आणि बरोबर निदान ही बाई दोन वर्षं वहीत 'नॉर्मल' म्हणून लिहीत आली होती.

"सिस्टर, बसा," मी म्हणाले. "मी मघाशी जे बोलले ते चुकीचं बोलले." ती बसली. तात्या खिडकीतून बाहेर बघायला लागले. मी माफी मागते हे त्यांनीही पहिल्यांदाच ऐकलं होतं.

त्यानंतर मात्र मी एक मिनिट वाया घालवलं नाही. तात्यांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून लिटमसचे कागद मागून आणले. सकाळची, दुपारची, उपाशीपोटीची, प्रत्येक वेळी लाल कागद निळा. जंतूंमुळेही लघवीचा आंबटपणा जातो, पण सूक्ष्मदर्शकाखाली जंतू नव्हते, म्हणजे तेही कारण नव्हतं. रक्तातला सोडा, म्हणजे आंबटपणा मारणारा क्षार, मोजायला नमुना पुण्याला पाठवला. तो कमी आला. पोटाचा एक्स-रे काढला तर दोन्ही मूत्रपिंडांत मीठ भुरभुरल्यासारखे बारीक पांढरे ठिपके. पुस्तकात या आजाराचं जे वर्णन होतं ते माझ्यासमोर पांढऱ्या साडीत बसलं होतं. बारामतीत असं निदान आधी कुणी केल्याचं माझ्या कानावर नव्हतं आणि त्याचं मला काडीचंही भय वाटलं नाही. चार पुरावे एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर पाचव्याची वाट बघत बसणं हा शहाणपणा नाही, भित्रेपणा आहे.

प्रश्न एकच उरला. लहान मुलांत हा दोष जन्मजात असतो. धडधाकट बाईचं मूत्रपिंड वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी एकाएकी असं का वागायला लागलं? याला काहीतरी कारण असणार, आणि ते कारण मी पहिल्या दिवसापासून बघत होते पण मला दिसलं नव्हतं. सिस्टर बोलताना दर दोन वाक्यांनी पाण्याचा घोट घ्यायची. भाकरीचा प्रत्येक घास पाण्याबरोबर. आणि तिचे दात: हिरडीपाशी काळे, झिजलेले, दोन तर नुसते खुंट. मी काय गृहीत धरलं होतं? मिश्री. आमच्याकडे निम्म्या बायका तंबाखू भाजून दातांना लावतात. काळे दात दिसले की डॉक्टरसुद्धा पुढे बघत नाही.

"मिश्री कधीपासून लावता?" मी विचारलं.

उत्तर आईने दिलं आणि तेही घुश्शात. "आमच्या घरात मिश्रीचा डबाच न्हाय, बाई. हिच्या बापानं धम्माची दीक्षा घेतली तवापासनं घरात तंबाखू न्हाय का दारू न्हाय. पोरीनं शाळंशिवाय कशाचा नाद करायचा न्हाय म्हणायचे. दात आपसूक गेलं हिचं. लोकांनी मिश्री, मिश्री म्हणून आमालाच खोटं पाडलं."

मग मी गाळणकागदाची एक बारीक पट्टी कापली, तिचं टोक सिस्टरच्या खालच्या पापणीत अडकवलं आणि घड्याळ लावून पाच मिनिटं बसले. कुणाच्याही डोळ्यात कागद अडकवला की पाणी येतं. पट्टी बोटाच्या पेराएवढी तरी भिजते. पाच मिनिटांनी पट्टी काढली. ती कोरडी होती. दुसऱ्या डोळ्याची काढली. तीही कोरडी.

या दुसऱ्या आजाराचं एक जुनं नाव आहे सिका, म्हणजे कोरडेपणा. आपल्याच शरीराचे राखणदार आपल्याच माणसांना चोर समजून मारायला लागतात. आधी लाळ बनवणाऱ्या ग्रंथींना, मग अश्रू बनवणाऱ्या, आणि काही थोड्या पेशंटमध्ये मूत्रपिंडालाही. लाळ नसली की दात कुजतात. हे सगळं मी त्या दोघींना सोप्या शब्दांत सांगत होते. "म्हणजे मावशी, हिच्या डोळ्यांत पाणी तयारच होत नाही. डोळे चुरचुरत असतील, लाल होत असतील, पण अश्रू यायचे नाहीत."

आईने विचारलं, "किती दिस झालं असंल हे, बाई?"

"दोन वर्षं तरी. जास्तच."

"हिचा बाप गेला वर्षापूर्वी," ती म्हणाली. "मयताला समदा गाव व्हता. ही बापाची लाडकी, आन् हिच्या डोळ्याला पाणी न्हाय. नुसती बघत बसली. भावकी म्हणली, पगाराची मस्ती हाय. मी बी..." तिथं ती थांबली. मग लेकीकडे वळली. "मी बी तुला दगड म्हणलं, बाय. वरीसभर म्हणलं."

सिस्टर म्हणाली, "मला रडायचं व्हतं गं, आई. येतच नव्हतं." आणि तेव्हाही तिचे डोळे लाल झाले, चेहरा पूर्ण मोडला, आणि गाल कोरडेच राहिले. आई मात्र दोघींचं रडली. मी तिथून उठून औषधांच्या खोलीत गेले आणि तात्यांवर विनाकारण खेकसले, कारण माझ्या डोळ्यांतलं पाणी व्यवस्थित काम करत होतं.

औषध तात्यांच्या हातचं होतं, हीसुद्धा एक गंमतच. उन्हाळी लागली, लघवीला जळजळ झाली की जुने डॉक्टर एक खारट मिक्श्चर द्यायचे, सोडा आणि पोटॅशियम सायट्रेटचं. नव्या डॉक्टरांनी ते कधीच मोडीत काढलं होतं. मीही तात्यांना सांगितलं होतं, ते जुनं पाणी आता बंद करा. आता मीच म्हणाले, "तात्या, ते मिक्श्चर पुन्हा करायचंय. पण आधी पोटॅशियम सावरायचं, मग सोडा वाढवायचा. सोडासुद्धा ग्लुकोजसारखं पोटॅशियम ओढून नेतो; उलट केलंत तर त्या दिवशीची बाटली आठवा." तात्यांनी मोठी काचेची बरणी घासून पुसून घेतली आणि मापं इतक्या काळजीने घेतली की मला हसू आलं. तीन दिवसांत तिचे पाय हलके झाले. चालून बघते म्हणाली आणि बसस्टँडपर्यंत जाऊन परत आली.

पंधरापैकी दोन दिवस उरले होते. लाळेच्या ग्रंथी तपासायला ओठाच्या आतला बारीक तुकडा काढून पुण्याला पाठवला होता, त्याचा रिपोर्ट यायला आठवडा लागणार होता. तेवढ्यात तिच्या ऑफिसातून मला फोन आला. बोलणाऱ्याने ओळख सांगितली, मी ती इथं सांगत नाही. "बाई, तुम्ही म्हणे लघवी तापवून आजार शोधला? अहो, त्या बाईचं प्रकरण आम्हाला माहीत आहे. तुम्ही नवीन आहात म्हणून सांगतो, या लोकांच्या भरीला पडू नका." 'या लोकांच्या' म्हणजे कोणाच्या, हे मला कळलं आणि त्यालाही कळलं की मला कळलं. इथं माझा दुसरा राग आला. तो बरोबर जागी आला. मी शांतपणे म्हणाले, "साहेब, ज्या तपासणीवर तुमचं खातं गावोगावच्या गरोदर बायकांचा जीव राखतं, तीच तपासणी आहे ही. तुमच्या नर्सने ती नीट केली. सर्टिफिकेट उद्या येईल."

रिपोर्टची वाट न बघता मी सही केली. आणि सर्टिफिकेट मराठीत लिहिलं. इंग्रजीत लिहिलं असतं तर न वाचताच फाईलला लागलं असतं. मी लिहिलं: या बाईंना मूत्रपिंडाचा दुर्मीळ पण खरा आजार आहे. तो त्यांच्या शरीरातल्या दुसऱ्या आजारामुळे झाला आहे. तो हिस्टेरिया नाही. रोज औषध घेतल्यास त्या आपलं काम पूर्णपणे करू शकतात. त्यांना अशक्तपणा आल्यास ग्लुकोजची बाटली लावू नये, त्याने जीव जाऊ शकतो. ही चूक माझ्याकडून एकदा झाली आहे. शेवटचं वाक्य तात्यांनी वाचलं आणि म्हणाले, "बाई, हे कशाला लिव्हता? आपलीच बदनामी." मी म्हणाले, "तात्या, मराठीत आहे. शिपायापासून साहेबापर्यंत सगळे वाचणार. एवढं वाक्य तरी सगळ्यांच्या लक्षात राहील." ते तसंच पाठवलं. सिस्टरची नोकरी राहिली. आठवड्याने पुण्याचा रिपोर्ट आला. त्यात मला नवीन असं काही नव्हतं.

ती दर तीन महिन्यांनी येत राहिली. दात नवे बसवले, डोळ्यांत घालायला थेंब दिले, पाण्याची बाटली खांद्याला कायमची. आई बरोबर आली की मला शहाळं आणायची आणि मी नको म्हटलं की रागवायची. आमच्यात रागीट कोण, यावर तात्यांचं मत आईच्या बाजूने होतं.

तीनेक वर्षांनी, पुन्हा हंगामाच्या दिवसांत, भर ओपीडीत ऊसतोडणीची एक बाई बैलगाडीतून आली. नवऱ्याने तिला खांद्यावर टाकून आत आणलं. पाय लुळे, ओठ कोरडे. नवरा हात जोडून म्हणाला, "बाई, लई अशक्त झालीया, आधी बाटली लावा." आणि सवय माणसाला सोडत नाही, नव्याने ठेवलेल्या कंपाउंडरने स्टँडवर बाटली लटकवलीसुद्धा होती. तात्या तेव्हा निवृत्त झाले होते. मी अजून मान वर केली नव्हती.

बाईच्या पदराला एक चिठ्ठी पिनेने टाचलेली होती. वहीचा फाडलेला कागद, अक्षर ओळखीचं.

"बाई, हिला ग्लुकोज लावू नका. लघवी तीन दिवस तापवून बघितली, उपाशीपोटी पण पांढरी होऊन ॲसिडने निवळते. मिश्री लावत नाही, दात बघा. शेजारी माझी नळी ठेवली होती, दोन्ही सारख्याच पांढऱ्या झाल्या."

मी उठले आणि बाटली स्टँडवरून खाली काढली. मग हातोडी घेतली.